‘तुमच्यासाठी खास’ म्हणजे नक्की कोणासाठी?

टीव्हीवर कुठलंही ॲप उघडा, वरच एक ओळ असते, ‘तुमच्यासाठी खास’. यातल्या ‘तुम्ही’ म्हणजे कोण? आपल्या बहुतेक घरांत टीव्ही एक आणि प्रोफाइलही एकच, तेही मुलाच्या नाहीतर मिस्टरांच्या नावाचं. आमच्याकडे त्यावर मुलगा क्रिकेट बघतो, सासूबाई पौराणिक मालिका बघतात, आणि मी रात्री ओटा आवरून झाल्यावर समोर येईल ते. मग या सगळ्याची खिचडी करून ॲप ती आम्हा प्रत्येकाला आपली आवड म्हणून वाढतं.

हे वाढण्याचं काम ज्या गणिताने होतं त्याची गोष्ट मला फार बोलकी वाटते. २००६ साली नेटफ्लिक्सने एक स्पर्धा लावली. कोणता प्रेक्षक कुठल्या सिनेमाला किती तारे देईल, हा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. २००९ मध्ये ते बक्षीस दिलंही गेलं. तेव्हा निदान प्रेक्षकाच्या शब्दाला किंमत होती. पुढे सिनेमे थेट इंटरनेटवरून दिसू लागले आणि कंपनीला आपण काय लावतो, कुठे थांबतो, काय अर्धवट सोडतो, सगळंच दिसायला लागलं. २०१७ मध्ये तारे काढून टाकले आणि अंगठा वर, अंगठा खाली एवढंच ठेवलं. कंपनीचं म्हणणं असं की लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात आणि प्रत्यक्षात हलकंफुलकंच बघत बसतात. म्हणून बोलण्यापेक्षा वागण्यावर विश्वास ठेवायचा.

ऐकायला पटतं, पण मला ते मान्य नाही.

रात्री अकराला सोफ्यावर बसलेली बाई दिवसभराची दमलेली असते. सकाळचे डबे, पाणी गाळणं, सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं, मुलांचा अभ्यास. तेव्हा ती जे लावते ते आवडीने नाही, तर डोक्याला काही काम नको म्हणून. यंत्र मात्र नेमका तोच तास ‘हिची आवड’ म्हणून लिहून ठेवतं. दुपारी मैत्रिणीने फोनवर सांगितलेला चांगला सिनेमा बघायचा राहून गेला, त्याची नोंद कुठेच होत नाही. आपण मन, वचन आणि काय असे तीन वेगळे योग मानतो. या यंत्राला तिसराच तेवढा दिसतो, तोही रिमोटवरच्या अंगठ्यापुरता!

आणि त्याचा परिणाम थोडाथोडका नाही. नेटफ्लिक्सच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ साली लिहिलं की तिथे बघितल्या जाणाऱ्या तासांपैकी सुमारे ८० टक्के शिफारशींमुळे ठरतात, नाव शोधून बघणं उरलेल्या २० टक्क्यांत. प्रेक्षक साठ ते नव्वद सेकंदांत कंटाळतो, असंही त्यांनी नोंदवलंय. म्हणजे सगळी लढाई त्या दीड मिनिटाची. म्हणून तर चित्रंसुद्धा माणूस बघून बदलतात. ‘गुड विल हंटिंग’ हा एकच सिनेमा, पण प्रेमकथा बघणाऱ्याला त्याच्या चित्रात नायक-नायिका दिसतात आणि विनोदी बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्स. हे उदाहरण कंपनीनेच दिलेलं आहे.

शिफारशींचा उपयोगच नाही असं मी म्हणणार नाही. मल्याळम सिनेमा आमच्या घरात असाच आला आणि आता सगळ्यांना आवडतो. पण त्याच वाटेने, लेकीने एक केकचा कार्यक्रम बघितला की पुढचे आठ दिवस अंडी फेटणारे आचारी पडद्यावरून हलत नाहीत. ‘श्वास’सारखा सिनेमा मात्र या ओळींत मला एकदाही दिसला नाही. २००४ चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. आमच्या घरी तो नणंदेने नाव सांगितलं म्हणून बघितला गेला. कोणीतरी आपल्याला ओळखून सांगणं वेगळं आणि मोजून सांगणं वेगळं.

म्हणून माझा आग्रह एवढाच, घरातल्या बाईचं स्वतःचं प्रोफाइल हवं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. पुढचा भाग आपोआप सुरू होणं सेटिंगमधून बंद करता येतं, आणि पाहिलेल्याच्या यादीतून नको ते नाव काढताही येतं. आणि बघायच्या सिनेमांची यादी किराणाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. टीव्ही लावायच्या आधी ती उघडा.

माझ्या जाऊबाईंनी परवाच त्यांच्या नावाचं प्रोफाइल करून घेतलं. ॲपने लगेच विचारलं, तुम्हाला आवडणारी कुठलीही तीन नावं निवडा. पुतण्या म्हणाला, “आई, दे काहीही दाबून.” त्या म्हणाल्या, “थांब रे, मला जरा आठवू दे.” आणि चष्मा लावून चांगल्या वीस मिनिटं बसल्या.