सड्यावरची मस्ती आता पुरे

नोव्हेंबर 2025 मध्ये ताम्हिणी घाटात थार गाडी दरीत कोसळली आणि पुण्याचे सहा तरुण गेले. सोमवारी रात्री घराबाहेर पडलेली ही मुले दरीत आहेत, हे कळायला गुरुवार उजाडला आणि तेही ड्रोन वर गेल्यावर. ताम्हिणीचा रस्ता डांबरी आहे, वाहता आहे, दिवसभर तिथे गाड्यांची ये-जा असते. तरीही ती गाडी कुणाच्या नजरेस पडली नाही. मग सातारा-सांगलीच्या ज्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, रस्ताच नाही, कठडा नाही, मोबाइलला रेंज नाही, तिथे मध्यरात्री गाडी घालणाऱ्यांना शोधायला कोण जाणार आणि कुठून जाणार? रात्री सड्यावर गाडी घालणे हे साहस नव्हे, तो जिवाशी मांडलेला खेळ आहे. तो बंद झाला पाहिजे, आणि प्रशासनाने तो बंद केला पाहिजे.

आपल्याला इशारा मिळाला नव्हता असे म्हणायची सोय नाही. 2025 च्या जुलैत पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या वाटेवर, गुजरवाडीच्या टेबल पॉइंटला कऱ्हाडकडच्या एका तरुणाची गाडी ओल्या गवतावर गोल फिरवता फिरवता थेट तीनशे फूट खाली गेली. तो वाचला, कारण उजेड होता, मित्र समोर उभे होते, हाक मारल्यावर माणसे धावली. हेच रात्री दोन वाजता झाले असते तर? गुजरवाडी आणि ताम्हिणी या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. दिवसा पडलेला दवाखान्यात पोहोचतो, रात्री पडलेल्याचा पत्ताही लागत नाही.

फोर बाय फोर गाडी कुठेही जाते, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चढ चढते, चिखलातून निघते, एवढेच. ओल्या जांभ्यावर शेवाळ असेल तर ब्रेक दाबल्यावर तीही तशीच घसरते. उंच गाडीचा तोल आडव्या उतारावर लवकर जातो. त्यात सड्याची रचना फसवी. लांबवर सपाटी दिसते आणि ती न सांगता-सवरता संपते. कड्याच्या टोकापर्यंत, कधी टोकापलीकडेही गवत झुकलेले असते. दिवसा गुराख्याला ठाऊक असते, कुठे थांबायचे. रात्री दिव्याच्या झोतात गवत तेवढे दिसते, त्याखाली जमीन आहे की नाही ते दिसत नाही. गाडी चढाच्या माथ्यावर आली की झोत आभाळात जातो आणि पुढची दहा पावले आंधळी होतात. धुके उतरले तर टपावर लावलेले जादा दिवे समोर पांढरी भिंत उभी करतात. अशा वेळी स्टिअरिंगवर कितीही सराईत हात असला तरी उपयोग शून्य.

तरीही साताऱ्यात चाळकेवाडीपासून वनकुसवड्यापर्यंत आणि सांगलीत शिराळ्यातल्या गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी केलेल्या कच्च्या वाटा सताड उघड्या आहेत. या वाटा यंत्रांची देखभाल करणाऱ्यांसाठी काढल्या. त्या रात्रीच्या शर्यतींसाठी नाहीत. तिथे ना फाटक, ना फलक, ना चर. मग कुणीही यावे, मोबाइलवर चित्रण करावे आणि पुढच्या दहा जणांना तिथे येण्याची फूस लावावी, हे किती दिवस चालू द्यायचे?

कुणी म्हणेल, तरुणांनी साहस करायचेच नाही का? जरूर करावे. त्यासाठी खासगी जमिनीवर, दिवसा, जाणकारांच्या देखरेखीखाली आखलेले ट्रॅक असतात. काळोखात अनोळखी कड्यावर गाडी नाचवण्यात कसले आले शौर्य?

आणि हा धोका गाडीत बसलेल्यांपुरताही नाही. कास पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कासच्या जांभ्या खडकावर काही ठिकाणी मातीचा थर जेमतेम बोटभर आहे. त्या बोटभर मातीवर तिथली फुले फुलतात. जाड टायरची एक फेरी तो थर दाबून टाकते आणि तो पुन्हा तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. कोयना-चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत ठेवली, त्यासाठी वन खात्याची माणसे रात्रंदिवस राबली. गवे, सांबर, बिबटे यांचे फिरणे बरेचसे रात्रीचे. अंधार ही त्यांची हक्काची वेळ आहे. एका हाताने वाघ आणायचे आणि दुसऱ्या हाताने जंगलाच्या कडेची पठारे रात्रभर हॉर्न आणि दिव्यांना मोकळी सोडायची, याला संवर्धन म्हणत नाहीत.

कायदे नाहीत, ही सबब चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार धोकादायक वाहन चालवण्यासाठी पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर कलम 199-अ खाली पालकाला तीन वर्षे कैद होऊ शकते. राखीव वनात विनापरवाना घुसणे 1927 च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे, अभयारण्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कमी आहे ती अंमलबजावणी. अपघात झाला की दोन दिवस नाकाबंदी, मग सगळे जिथल्या तिथे.

पर्यटनमंत्री शंभूराज देसाई हे साताऱ्याचे पालकमंत्री आहेत आणि सडावाघापूर त्यांच्याच पाटण मतदारसंघात येते. त्यामुळे जबाबदारी दुसऱ्याकडे ढकलायला जागा नाही. याच डोंगरांत ‘नवे महाबळेश्वर’ हे गिरिस्थान उभारायला सरकार निघाले आहे. आणखी रस्ते, आणखी हॉटेले, आणखी गाड्या येणार. आहे त्या पठारावर रात्रीचा एक शिपाई उभा करता येत नसेल तर नव्या गर्दीला सांभाळणार कोण? पर्यटन वाढवणे म्हणजे डोंगर मोकाट सोडणे नव्हे.

आणि दरीत कुणी पडले की हाक कुणाला जाते? महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांच्या मुलांना. ही मुले पगारी नाहीत. कामधंदा सोडून येतात, काळोखात दोर बांधून निसरड्या कड्यावरून खाली उतरतात, दुसऱ्याच्या मस्तीची किंमत स्वतःचा जीव पणाला लावून मोजतात. त्यांना विमा, चांगले दोर, स्ट्रेचर आणि दिवे देणे हे सरकारचे कर्तव्य आहे; शाल-श्रीफळ देऊन ते फिटत नाही.

सातारा आणि सांगलीच्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी सूर्यास्त ते सूर्योदय डांबरी रस्ता सोडून सड्यावर वाहन नेण्यास मनाई करावी. पवनचक्क्यांच्या वाटांना फाटके बसवावीत, कड्याकडे जाणाऱ्या वाटांवर चर खणावेत, मनाई मोडेल त्याची गाडी जप्त करावी. गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला की तासाभरात गस्तीची गाडी पोहोचली पाहिजे. आणि आई-वडिलांनी, रात्री अकराला किल्ली मागणाऱ्या मुलाला कुठे निघालास, एवढे तरी विचारावे. तो सड्यावर निघाला असेल तर किल्ली देऊ नये.