साच्यात नसलेला रकाना

विटेच्या साच्यात कोणतीही माती घाला, वीट एकाच मापाची निघते. माती कशी आहे, हे साचा सांगत नाही. शाळेत एखाद्या विषयाचे संकेतस्थळ तयार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

पानाची मांडणी, मथळे, चित्रांच्या चौकटी, तक्त्यांचे रकाने हे सारे तयार साच्यात कोणीतरी आधीच आखलेले असते. आपण फक्त मजकूर भरायचा. संगणकाची भाषा न शिकताही एका दुपारी संकेतस्थळ उभे राहते. ही सोय चांगलीच आहे. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, तीच मुळी शास्त्रज्ञांना आपली माहिती एकमेकांना सहज देता यावी म्हणून. परंतु साचा नुसत्या जागा देत नाही. कोणते प्रश्न विचारायचे हेही तो नकळत ठरवून टाकतो.

समजा, बार्शीटाकळीच्या एखाद्या शाळेने ‘आपल्या जिल्ह्याचे भूजल’ हा विषय घेतला. दुसऱ्या प्रदेशासाठी केलेल्या साच्यात पाऊस, विहिरीची खोली आणि पाण्याची पातळी एवढेच रकाने असतील. ते भरले की पान पूर्ण दिसेल. पण याच अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीला पाणी लागते, पण ते खारे असते. गाळाचे जाड थर, पाण्याचा मंद निचरा आणि कडक उन्हाने होणारे बाष्पीभवन ह्यांमुळे क्षार साठत जातात. तेथील माणसाच्या दृष्टीने ‘पाणी किती खोल?’ ह्यापेक्षा ‘पाणी गोडे की खारे?’ हा प्रश्न मोठा आहे. आणि साच्यात त्यासाठी रकानाच नाही!

तो रकाना विद्यार्थ्यांनीच घालावा, असे माझे मत आहे. त्याला फार मोठी सामग्री लागत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजणाऱ्या लहानशा उपकरणाने विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ असावेत. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादा आहे. मालकाची परवानगी घेऊन आपल्या गावच्या आणि खारपाणपट्ट्यातील नातेवाइकांच्या विहिरींचे पाणी मे महिन्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा तपासा. आकड्याशेजारी तारीख, गाव आणि एकक अवश्य लिहा. मोजमाप झाले नसेल तर जागा रिकामी सोडा. दुसरीकडचा आकडा उचलून ती भरू नका. रिकामी जागा म्हणजे पुढच्या वर्गासाठी ठेवलेले काम होय.

साचा घ्यावा, पण आपल्या गरजेप्रमाणे वाढवावा, ह्याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडाच्या परिचयाचे आहे. अमरावतीला शालेय शिक्षण घेतलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोश प्रसिद्ध केला. अकारविल्हे नोंदींची पद्धत जगातील इतर कोशांत होतीच. केतकरांनी ती स्वीकारली, पण तिच्याआधी पाच प्रस्तावनाखंड घातले. पहिल्याच खंडाचा विषय होता ‘हिंदुस्थान आणि जग’. मराठी वाचकाला आधी काय सांगायला हवे, हे त्यांनी स्वतः ठरवले.

शिक्षकांना एक विनंती. अशा कामाला गुण देताना रंग आणि चित्रे किती आहेत, हे शेवटी पाहा. साच्यात नसलेला एक तरी रकाना विद्यार्थ्यांनी घातला आहे का, आणि त्यातले आकडे त्यांनी स्वतः मोजले आहेत का, हे आधी विचारा.