भट्टीला मुदत, धुरांड्याला माफी

लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनावर यावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. महापालिकेने नोटिसा बजावल्या, बेकरीवाल्यांची धावपळ सुरू झाली. ही मुदत जुलैत संपत होती. त्याच जुलैत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि देशातल्या जवळपास ७८ टक्के औष्णिक वीजनिर्मिती संचांना गंधकयुक्त वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून मोकळे केले. या वायूची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली होती आणि दोन वर्षांत पाळायची होती. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ आणि दहाव्या वर्षी माफी. न्यायालयाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दाट वस्तीतला लाकडाचा धूर घातकच असतो. पण पाव भाजणाऱ्याला सहा महिने आणि हजारो टन कोळसा जाळणाऱ्याला दहा वर्षे देऊन शेवटी सूट, हा न्याय कोणत्याही नागरिकाला पटणारा नाही. महाराष्ट्राची हवा का सुधारत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या दोन निर्णयांतल्या अंतरात आहे.

आपण धुळीच्या मागे लागलो आहोत, कारण धूळ दिसते आणि तिला मालक नसतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्राची १९ शहरे आहेत, एकट्या मुंबई-पुण्यासाठी हा कार्यक्रम नाही. अकोला, जालना, लातूर, सांगलीही त्यात आहेत. शहरांची प्रगती मात्र मोजली जाते ती प्रामुख्याने पीएम १० या जाडसर कणांवर. मग पालिका काय करणार? रस्ते झाडणारी यंत्रे घेतली, टँकरने पाणी मारले, चौकात कारंजी उभारली. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने २०२४ मध्ये या कार्यक्रमाच्या खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यांवरच्या धुळीवर खर्च झालेला दिसला. वाहनांसाठी सुमारे साडेबारा टक्के. आणि उद्योगांच्या प्रदूषणावर? ०.६१ टक्के.

फुप्फुसाला मात्र या प्राधान्यक्रमाशी देणेघेणे नाही. जाडसर कण बरेचसे नाकाघशात अडतात. जीव घेतात ते अडीच मायक्रॉनहून बारीक कण (पीएम २.५), म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान. ते फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत उतरतात, तिथून रक्तात शिरतात आणि दमा-खोकल्यावर न थांबता हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कमी वजनाची बाळे इथवर मजल मारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवले. हे बारीक कण येतात मुख्यतः जळण्यातून: कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा. विजेच्या केंद्रातून निघालेला सल्फर डायऑक्साइड तर हवेतच सल्फेटचे बारीक कण बनवतो आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो. रस्त्यावर मारलेले पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

माफीच्या बाजूने सरकारचा युक्तिवाद असा, की भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि वीज केंद्रांभोवतीच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आढळतो. दोन्ही विधाने मान्य केली तरी मुद्दा सुटत नाही. वायू धुरांड्याच्या पायथ्याशी मोजायचा आणि त्याचे कण शंभर कोसांवर कोणाच्या छातीत गेले ते पाहायचेच नाही, हे मोजमाप अपुरे आहे. संसदेत आणखी एक उत्तर ठरलेले असते: केवळ वायुप्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचे निर्णायकपणे सिद्ध करणारी आकडेवारी नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हवेचे नाव कधीच येणार नाही, हे खरे. तिथे हृदयविकार लिहिला जातो, न्यूमोनिया लिहिला जातो. म्हणूनच साथरोगशास्त्रज्ञ लोकसंख्येच्या पातळीवर हिशेब मांडतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा सहभाग असलेला असा अभ्यास ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये डिसेंबर २०२० मध्ये आला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात देशात १६.७ लाख मृत्यू वायुप्रदूषणामुळे झाले, एकूण मृत्यूंच्या जवळपास १८ टक्के. सरकारच्याच संशोधन परिषदेचे नाव ज्या अभ्यासावर आहे, तो सरकारने इतक्या सहज बाजूला सारू नये.

त्याच अभ्यासाने पैशाचाही हिशेब दिला. अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन ३६.८ अब्ज डॉलर, म्हणजे रुपयांत अडीच लाख कोटींहून अधिक आणि देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.३६ टक्के. हा केवळ बुडालेल्या कमाईचा आकडा आहे. रुग्णालयाची बिले, इन्हेलर आणि नेब्युलायझरचा खर्च, आजारी मुलाजवळ बसण्यासाठी आईने केलेला खाडा त्यात नाही. प्रदूषण रोखणे उद्योगांना परवडत नाही, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा हा खर्च आधीच भरला जातो आहे हे विसरले जाते. तो भरतात बांधकामावरचे मजूर, रिक्षाचालक, चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, हातगाडीवाले. ज्यांना घरात हवा शुद्ध करणारे यंत्र लावता येत नाही आणि सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी जाते, अशी ही माणसे. धूर एकाचा आणि त्याचे बिल दुसऱ्याच्या घरी, ही व्यवस्था अर्थशास्त्रातही बसत नाही.

कायद्याने हे पारडे सावरायला हवे होते. झाले उलट. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात तुरुंगवासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने बहुतेक उल्लंघनांसाठी ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. तुरुंगवासाची शिक्षा क्वचितच होत होती, हा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. पण मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात पंधरा लाख ही रक्कम शोधावी लागेल.

आणि मानके? बारीक कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून तीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. आपल्या हवा-गुणवत्ता निर्देशांकावर बारीक कणांची दिवसभराची सरासरी ६० पर्यंत असली तरी हवा ‘समाधानकारक’ ठरते. संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे. मोबाइलवर हिरवा रंग पाहून दमेकरी आजोबांना फिरायला नेणाऱ्या कुटुंबाला ही चौपट तफावत कोणी सांगत नाही.

महाराष्ट्राने केंद्राकडे बोट दाखवून थांबू नये. राज्याला स्वतः काय करता येईल, याचे चंद्रपूर हे सर्वांत ठसठशीत उदाहरण. २,९२० मेगावॉटचे वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि या सगळ्यांच्या मधोमध शहर. देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर होते. नव्या अधिसूचनेनुसार अशा क्षेत्रांच्या दहा किलोमीटर परिसरातल्या केंद्रांचा निर्णय तज्ज्ञ समिती प्रकरणागणिक घेणार आहे. पण समितीची वाट पाहण्याचे कारण काय? हे केंद्र महानिर्मितीचे, म्हणजे राज्य सरकारच्या मालकीचे आहे. कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रेही महानिर्मितीचीच. केंद्र सरकारने बहुतेक संचांवरची सक्ती काढली आहे, मनाई कुठेच केलेली नाही. चुनखडीच्या पाण्यातून धूर धुऊन काढणारी ही यंत्रणा जगभर दशकानुदशके वापरात आहे. तिचा खर्च वीजदरात उतरेल, हे लपवण्यात अर्थ नाही. तो राज्यभरच्या ग्राहकांनी थोडा थोडा उचलावा, कारण वीज राज्यभर जाते आणि राख-धूर मात्र आधी चंद्रपूरच्या वाट्याला येतो.

प्रदूषण रोखल्याने अर्थव्यवस्था खचते, ही भीती बीजिंगने खोटी ठरवली. तिथे २०१३ मध्ये बारीक कणांची वार्षिक सरासरी ८९.५ होती, २०२१ मध्ये ती ३३ वर आली. रस्ते धुऊन नव्हे. कोळशाचे बॉयलर हटवून, शहरातले शेवटचे मोठे कोळसा वीज केंद्र २०१७ मध्ये बंद करून. त्या काळात शहराचे उत्पन्न वाढतच होते. आपल्याकडेही चुलीच्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९० ते २०१९ या काळात ६४ टक्क्यांनी घटला, कारण गॅस घरोघरी गेला. मूळ इंधन बदलले की माणसे वाचतात, हे आपल्या स्वयंपाकघरांनी दाखवून दिले आहे. ज्या घरांत सिलिंडर आहे पण तो पुन्हा भरण्याची ऐपत नाही, तिथे चूल अजून पेटते; त्यांच्या सिलिंडरवरच्या अनुदानाला हात लावू नये.

राज्याने १९ शहरांचे मोजमाप पीएम १० ऐवजी पीएम २.५ वर करावे, महापालिका रुग्णालयांतल्या श्वसन आणि हृदयविकाराच्या नोंदी त्या आकड्यांशेजारी दर महिन्याला प्रसिद्ध कराव्यात. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ऊर्जामंत्र्यांनी महानिर्मितीच्या प्रत्येक केंद्रात गंधक रोखणारी यंत्रणा कोणत्या तारखेपासून चालू होईल, ते लेखी सभागृहाच्या पटलावर ठेवावे.