बळ मोजावे कसे?

व्यायाम केला म्हणजे बळ वाढलेच, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कोठेही जा. पहाटे रस्त्यावर धावणारी आणि सायंकाळी जिममध्ये लोखंड उचलणारी मुले दिसतात. त्यांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. ही जिद्द कौतुकास्पद आहे. परंतु मेहनतीचे फळ मिळते आहे हे ओळखायचे कशावरून? उत्तरे बहुधा तीनच येतात : घाम गळाला, अंग दुखले, आरशात दंड फुगलेला दिसला. माझ्या मते हे तिन्ही साक्षीदार भरवशाचे नाहीत.

घामाचेच पाहा. आमच्या वैशाखात ओट्यावर नुसते बसले तरी सदरा भिजतो. तोच व्यायाम मार्गशीर्षातल्या पहाटे केला तर फारसा भिजत नाही. म्हणून काय बळ वैशाखात वाढते आणि मार्गशीर्षात थांबते? घाम येतो तो शरीर थंड राखण्यासाठी. दुखण्याचेही तसेच. नवख्याने एकदम शंभर बैठका मारल्या की दोन दिवस जिना उतरवत नाही. पण ते अंगाला सवय नसल्याचे लक्षण आहे. सराव झाल्यावर दुखणे थांबते, लाभ थांबतोच असे नाही.

आरसा तर सर्वांत फसवा. व्यायामानंतर दंड फुगतो तो स्नायूंत रक्त व द्रव साठल्याने, आणि थोड्याच वेळात ओसरतो. उलट पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले राबवू लागते म्हणून. दंडाचा घेर मागाहून वाढतो. म्हणजे खरी प्रगती सुरू असते तेव्हा आरसा गप्प असतो. नेमका तेव्हाच मुलगा निराश होऊन पावडरीच्या डब्यामागे लागतो! कपाशीला नुसता पाला माजला म्हणून शेतकरी खूश होत नाही. तो बोंडे मोजतो.

मग आपली बोंडे कोणती? यासाठी एक साधी वही पुरे. तारीख, वजन आणि ते किती वेळा उचलले, एवढेच लिहावे. चार-सहा आठवड्यांनी तेच वजन, तितक्याच शुद्ध पद्धतीने, अधिक वेळा उचलता आले तर व्यायाम लागू पडला. आकडे जागचे हलले नाहीत, तर व्यायाम, आहार किंवा झोप यांत काही बदलावे. अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४० च्या दशकात जखमी सैनिकांचे स्नायू बळकट केले, ते असेच क्रमाक्रमाने वजन वाढवून.

मात्र बळ कशासाठी हवे, हेही विसरता कामा नये. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. आपल्या मातीतल्या मल्लाला तेथील गादी नवी होती. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. बळाची खरी परीक्षा प्रत्यक्ष मैदानात होते, ती अशी. जुन्या तालमीत वस्तादांजवळ वही नसेल. पण जोर-बैठका मोजल्या जात आणि पठ्ठ्याला हौद्यात उतरवून त्याची परीक्षा होई. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते : मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. बाकावर झोपून उचललेले वजन वाढले, पण गोळा जेथल्या तेथेच पडतो आणि धावण्याची वेळही तीच राहते, तर त्या परीक्षेपुरता तो व्यायाम निष्फळच म्हणावा लागेल.

कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नातून आईवडील जिमची फी आणि खुराक पुरवितात. त्या पैशाला घामाचा नव्हे, आकड्यांचा हिशेब मिळाला पाहिजे. वर्षभर राबून भरतीच्या मैदानावरच उणीव कळण्यापेक्षा ती महिनाभरात वहीतून कळलेली काय वाईट?