‘दोन्ही बाजू’ शिकविण्याचे ढोंग

वर्गात दोन्ही बाजू मांडाव्यात आणि निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवावा, ही मागणी कानाला किती गोड लागते! लोकशाहीवर निष्ठा असणाऱ्या माणसाला नकार देणे जड जावे, अशीच तिची शब्दयोजना आहे. अमेरिकेतील शाळांमध्ये उत्क्रांतिवादाच्या जोडीने ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे बुद्धिपुरस्सर रचनेचे मत शिकवावे, असा आग्रह धरणारी मंडळी हीच मागणी करीत आली आहेत. सजीवांची घडण इतकी गुंतागुंतीची आहे की ती नैसर्गिक निवडीने होणे शक्य नाही, तिच्यामागे बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असे हे मत. हा रचनाकार कोण, हे मात्र वर्गात सांगावयाचे नाही. कारण ते सांगितले की विज्ञानाचा बुरखा गळून पडतो.

या मागणीची खरी परीक्षा झाली ती पेन्सिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या लहान गावी. ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील शाळा-मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला की, विद्यार्थ्यांना डार्विनच्या सिद्धांतातील उणिवांची आणि बुद्धिपुरस्सर रचनेच्या मताची जाणीव करून द्यावी. त्यासाठी जीवशास्त्राच्या वर्गात वाचावयाचे एक निवेदन तयार झाले. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास साफ नकार दिला. आपल्या विषयाचे जाणूनबुजून विपरीत चित्र उभे करणे हे व्यवसायधर्माविरुद्ध आहे, ही त्यांची भूमिका होती. अखेर वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच वर्गावर जाऊन ते वाचावे लागले. पगारावर जगणाऱ्या माणसांनी मालकाच्या हुकमापेक्षा कामाची प्रतिष्ठा मोठी मानली, ही गोष्ट कामगार चळवळीने विसरू नये.

अकरा पालक न्यायालयात गेले. २००५ साली चाललेल्या खटल्यात या ‘नव्या विज्ञाना’ची वंशावळ उजेडात आली. उत्क्रांती शिकविल्यास ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ही शिकविलेच पाहिजे, असा लुइझियाना राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरविला होता. डोव्हरच्या मंडळाने पुरस्कारिलेल्या पुस्तकाच्या मसुद्यांत त्या निकालानंतर ‘निर्मितिवादी’ हा शब्द काढून ‘रचनेचे पुरस्कर्ते’ असे शब्द घातलेले आढळले. एके ठिकाणी तर घाईत दोन्हींचे कडबोळे तसेच राहून गेले होते! या पक्षाचे प्रमुख शास्त्रज्ञ-साक्षीदार मायकेल बीही यांना मान्य करावे लागले की, विज्ञानाच्या आपल्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी १३९ पृष्ठांच्या निकालात हे विज्ञान नव्हे, असे स्पष्ट म्हटले. हे न्यायमूर्ती धाकट्या बुश यांनी नेमलेले होते, डाव्यांनी नव्हे.

यावर आक्षेप असा की, मंडळ तर लोकांनी निवडलेले होते. मग न्यायालयाने मध्ये का पडावे? आक्षेप गंभीर आहे. परंतु शाळेचा निधी कसा खर्चावा हे मतदान ठरवू शकते. पृथ्वी फिरते की नाही, हे नाही. समता माणसांची असते, विधानांची नसते. विधानाला आपला हक्क पुराव्याने मिळवावा लागतो. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडला पाहिजे, असे अनुमान बांधून शास्त्रज्ञांनी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात वर्षानुवर्षे शोध घेतला आणि २००४ मध्ये ‘टिक्टालिक’चे जीवाश्म हाती आले. चुकण्याची अशी जोखीम रचनावाद्यांनी कधी पत्करली? ते प्रयोगशाळेचा दरवाजा टाळून थेट चौदा वर्षांच्या मुलाच्या बाकाशी येतात. आणि डोव्हरच्या मतदारांविषयी म्हणाल, तर निकाल लागण्यापूर्वीच, नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत त्यांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या आठही सभासदांना घरी बसविले. दाव्याच्या खर्चाचे सुमारे दहा लाख डॉलर मात्र शाळांच्या सार्वजनिक तिजोरीतून गेले.

समाजवाद्यांना डार्विनचे नाव घेताना थोडे अवघडल्यासारखे होते, त्याला कारण आहे. ‘बळी तो टिकेल’ हा जणू निसर्गाचाच हुकूम, असे सांगून गिरणीमालकांनी आणि साम्राज्यवाद्यांनी शोषणाला शास्त्राचा आधार दिला. १९२५ च्या डेटन येथील गाजलेल्या खटल्यात उत्क्रांतिवादाविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे शेतकऱ्यांचे कैवारी होते, आणि त्यांना हीच भीती होती. भीती खरी होती, उपाय खोटा होता. निसर्गात काय घडले आणि समाजात काय घडावे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर न्यायबुद्धीने द्यावयाचे असते, पहिल्याचे दडवून नव्हे.

हे सातासमुद्रापलीकडचे भांडण म्हणून आपण हात झटकू शकत नाही. २०१८ साली तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी आपल्या महाराष्ट्रात, औरंगाबाद येथे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही असे सांगून अभ्यासक्रम बदलण्याची भाषा केली. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी तेव्हा निषेध नोंदविला. तरीही २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचे प्रकरण ‘भार कमी करण्यासाठी’ वगळलेले आढळले. अमेरिकेत निदान दोन बाजूंचे सोंग तरी होते. येथे होती ती एकच बाजू उचलून बाहेर ठेवली गेली.

यात नुकसान कोणाचे? धनिकाच्या मुलाला घरी ग्रंथ आहेत, खासगी शिक्षक आहेत. दहावीनंतर कामाला लागणाऱ्या मुलाला शाळेतले तेच एक पुस्तक. त्यातून जे गेले, ते त्याच्या आयुष्यातून गेले. देवाविषयीची चर्चा तत्त्वज्ञानाच्या तासाला खुशाल व्हावी. परंतु विज्ञानाच्या तासाला प्रत्येक मुलाला, विशेषतः श्रमिकाच्या मुलाला, पुराव्यानिशी उत्क्रांती शिकविली गेलीच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. तो कोणाच्या भावनांशी वाटाघाटी करून कमीजास्त करावयाचा नाही.