नाव बदलण्याआधी यादी मागा

कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूड या गावाचे नाव कोणी 'मुरगूड' लिहितो, तर कोणी 'मुरगुड'. वाचणाऱ्याचे त्याने काही अडत नाही. संगणकाचे मात्र अडते. युनिकोड या संकेतपद्धतीत ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार यांना लागोपाठचे, पण निरनिराळे क्रमांक आहेत. त्यामुळे संगणकाच्या लेखी ही दोन गावे झाली!

आता समजा, मुरगूडच्या एखाद्या शाळेने पावसाळ्यात वेदगंगेचे पाणी कसे चढते-उतरते याची नोंद ठेवायचे ठरविले. रोज सकाळी एकाच जागेवरून एक छायाचित्र घ्यायचे. ४० दिवसांची ४० छायाचित्रे. कॅमेरा त्यांना जी नावे देतो त्यांत चार अक्षरे आणि चार आकडे असतात. नदीचा किंवा गावाचा त्यांत पत्ताही नसतो. म्हणून 'वेदगंगा ०१', 'वेदगंगा ०२' अशी नावे द्यायला हवीत. (०१ मधले शून्य विसरू नका. ते नसेल तर नावे अक्षरक्रमाने लावताना १० हा आकडा २ च्या आधी येऊन बसतो.)

हे काम हाताने करणे कंटाळवाणे आहे, आणि कंटाळलेला माणूस चुका करतो. पायथॉनसारख्या भाषेत पाच-सहा ओळींची आज्ञावली लिहिली, की क्षणात सर्व नावे बदलतात. ही विद्या शाळेत अवश्य शिकवावी. पण ज्या पद्धतीने ती बहुधा शिकविली जाते, ती मला पसंत नाही. आज्ञावली लिही, चालव, नावे बदलली का ते पाहा, झाले! यात धोका कोठे आहे, तो पाहा.

नावे देऊन झाल्यावर एका मुलाजवळ आणखी एक छायाचित्र सापडते. ते सर्वांत आधीच्या दिवसाचे. म्हणजे प्रत्येक क्रमांक एकाने पुढे सरकवायला हवा. आज्ञावली सुरुवातीपासून कामाला लागते आणि ०१ ला ०२ हे नाव देऊ पाहते. पण ०२ नावाची फाईल तर तेथे आहेच! विंडोजवर पायथॉनची नाव बदलण्याची साधी आज्ञा येथे चूक दाखवून थांबते. लिनक्सवर तीच आज्ञा जुनी ०२ पुसून तिच्या जागी ०१ ठेवते, आणि तेही न बोलता. मग हीच फाईल ०३ ला पुसते, पुढे ०४ ला. शेवटी ४१ या नावाची एकच फाईल उरते, आणि तिच्यात चित्र असते मूळच्या पहिल्या दिवसाचे. बाकीचा पावसाळा गेला!

पंगतीत सर्वांना एकेक पाट सरकायचे असेल, तर शेवटच्याने आधी उठावे लागते. येथेही ४० पासून उलटे यायला हवे होते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांकडून पहिली आज्ञावली नावे बदलणारी लिहून घेऊ नका, फक्त यादी छापणारी लिहून घ्या. डावीकडे जुने नाव, उजवीकडे होऊ घातलेले नवे. डावीकडचे एखादे नाव उजवीकडेही दिसते का? दोन फाईलींना एकच नवे नाव मिळते आहे का? हे मुलांनी स्वतः वाचून सांगावे. ४० ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? मूळ चित्रांची प्रत दुसरीकडे ठेवलेली असावी, हे वेगळे सांगायला नको. गुण द्यायचे ते या यादीच्या तपासणीला द्या.

यादी वाचल्याने आणखी एक गोष्ट हाती लागते. 'मुरगुड' दिसेल तेथे 'मुरगूड' कर, असे सांगितले, की संगणक 'मुरगुडातील पूर' याचेही 'मुरगूडातील पूर' करतो. फूल पण फुलात, तसेच मुरगूड पण मुरगुडात, हे व्याकरण त्याला कोणी शिकविलेले नसते. यादीत ते नाव मराठीच्या तासाला बसलेल्या मुलाच्या नजरेतून सुटणार नाही.

आणि क्रमांकाऐवजी तारीखच नावात घातली असती, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तर मागाहून सापडलेले चित्र आपोआप पहिले लागले असते. एका रिकाम्या फोल्डरमध्ये पाच फाईलींच्या प्रती ठेवा आणि दोन्ही रीती करून पाहा.