शिवनेरीची माकुडी आपल्या गच्चीवर

राजगुरुनगरपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आता घर म्हणजे बहुधा फ्लॅट, आणि बाग म्हणजे गॅलरीतल्या चार-सहा कुंड्या किंवा गच्चीचा एक कोपरा. भीमा गावाला लागून वाहते, चासकमान धरण जवळ आहे, तरी उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत गुलाब-मोगऱ्याला पाणी घालताना हात आखडतो. म्हणून नर्सरीत जाऊन ‘कमी पाण्याचे फुलझाड द्या’ म्हटले, की दुकानदार अडेनियम पुढे करतो. ते मूळचे अरबस्तान आणि आफ्रिकेचे. झाड चांगले आहे, लावायला हरकत नाही. पण त्याच कुळातली एक फार दुर्मीळ वनस्पती आपल्यापासून दीडेक तासावर, जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्याच्या कड्यावर उगवते. ती मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे.

तिचे नाव शिंदळ माकुडी. नावातला पहिला शब्द घरात उच्चारण्यासारखा नाही, म्हणून आम्ही मुलांपुढे नुसते ‘माकुडी’ म्हणतो. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी डालझेल यांना ती जुन्नरच्या डोंगरात सापडली. त्यांनी तिला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. फ्रियर 1862 ते 1867 या काळात गव्हर्नर होते. कराचीचा प्रसिद्ध फ्रियर हॉलही त्यांच्याच नावाचा. आता काही अभ्यासक या वनस्पतीला बूसेरोसिया फ्रेरेई म्हणतात, पण बागकाम करणाऱ्यांत जुनेच नाव चालते.

माकुडी महाराष्ट्राबाहेर रानात आढळत नाही. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणी कड्याच्या फटीत, मूठभर मातीवर ती जगते. खोड बोटाएवढे जाड, रसाळ आणि लोंबते. पावसाळ्यात त्यावर हिरवी पाने येतात. तिच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक रसाळ वनस्पतींना अशी पाने नसतात, हे तिचे वैशिष्ट्य. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर चांदणीच्या आकाराची, पाच पाकळ्यांची, गडद तांबडी फुले येतात. त्यांवर पिवळसर ठिपके असतात. वास फारसा चांगला नाही, पण फूल नाकाजवळ नेल्याशिवाय तो जाणवतही नाही. तो माणसांसाठी नाहीच, माश्यांसाठी आहे, कारण परागीकरण त्याच करतात. बियांना रुईच्या म्हातारीसारखा रेशमी झुपका असतो.

एवढी काटक वनस्पती दुर्मीळ का झाली? कडा कोसळतो, वणवे लागतात, शेळ्या-गुरांचे तोंड पोहोचते तिथली झाडे राहत नाहीत. आणि माणूस उपटून नेतो. यातले शेवटचे कारण आपल्या हातात आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

हौशी लोक म्हणतात, ‘घरी आणली म्हणजे वाचली. कड्यावर ती मरणारच होती.’ हे ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. माकुडी कांडीपासून सहज लागते. एका रोपाच्या कांड्या शंभर घरांत वाटल्या, तरी त्या शंभर कुंड्यांत वाढते ते एकच रोप. बीजातून येणारी विविधता, एखादे रोप जास्त ऊन सोसणारे, एखादे रोगाला न दबणारे, ही दौलत कड्यावरच असते. तिथले झाड गेले की त्याच्याबरोबर त्याचे बी आणि माश्यांशी असलेले नातेही गेले. गच्चीवरच्या कुंडीने त्याची भरपाई होत नाही.

मग कुंडीचा उपयोग काय? मोठा आहे. घराघरांत माकुडी असेल आणि कांडी मागितल्याबरोबर मिळत असेल, तर तिच्यासाठी कड्यावर चढायचे कारणच उरत नाही. कुंडीतली माकुडी कड्यावरच्या माकुडीची जागा घेत नाही, पण तिला राखू शकते. अट एकच. आपले रोप कड्यावरून उपटलेले नसावे.

2025 साली शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता तिथली गर्दी वाढणार, शाळांच्या सहलीही वाढणार. सहलीत मुले विचारतात, ‘टीचर, एवढीशी फांदी घेऊ का?’ एका मुलाला एक फांदी लहान वाटते, पण पन्नास मुलांच्या पन्नास फांद्या झाल्या की कड्याची एक फट रिकामी होते. गड संरक्षित स्मारक आहे. तिथून काहीही उचलायचे नाही, हे मुलांना बस सुटण्याआधी सांगावे. गड चढल्यावर सांगून उपयोग होत नाही. फोटो हवे तेवढे काढू द्यावेत.

रोप घ्यायचे तर रसाळ वनस्पती जोपासणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून कांडी मागावी, किंवा नर्सरीतून घ्यावे आणि ‘हे कुठून आले?’ असे विचारावे. कांडीपासून वाढवलेली रोपे साधारण एकसारखी, कोवळी आणि कुंडीत नीट रुजलेली असतात. बुंधा जुना, ओबडधोबड, मुळाशी दगडाचे तुकडे आणि विकणारा उत्तर टाळतो आहे, असे दिसले तर घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर माल येणार नाही.

आता लागवड. चार-पाच इंचांची कांडी घेऊन आठवडाभर सावलीत ठेवावी, म्हणजे कापलेली जागा सुकते. ओली जखम मातीत गेली की कुजते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती तशीच वापरू नये. एक भाग माती, थोडे कुजलेले शेणखत आणि दोन भाग बारीक मुरूम किंवा खडी घ्यावी. कुंडी मातीची, पसरट आणि तळाला भोक असलेली असावी. कांडी रोवून चार-पाच दिवसांनी थोडे पाणी द्यावे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. उंचावर ठेवली तर फांद्या कड्यावरच्यासारख्या खाली झुकतात आणि छान दिसतात.

पावसाळ्यात माती सुकली की पाणी द्यावे, पण झडीच्या दिवसांत कुंडी आडोशाला घ्यावी. फुले संपली की पाणी कमी करावे. हिवाळ्यात पाने पिवळी पडून गळतात. इथेच बहुतेक लोक घाबरतात आणि पाणी वाढवतात. पाने गळणे हा आजार नाही. पाणी वाचवण्याची ती तिची रीत आहे. उन्हाळाभर महिन्यातून एक-दोनदा पेलाभर पाणी पुरते. पुष्कळ घरांत वुजूचे पाणी बादलीत धरून झाडांना घालतात. ही सवय फार चांगली, पण ते पाणी मोगऱ्याला द्यावे, माकुडीला रोज नको. ती तहानेने क्वचित मरते, पाण्याने मात्र हमखास मरते.

बुंधा काळा आणि मऊ पडला तर वरचा निरोगी भाग कापून, सुकवून पुन्हा लावावा. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावा. याहून जास्त औषधपाणी लागत नाही.

पहिल्या-दुसऱ्या वर्षी फुले आली नाहीत तरी धीर धरावा. रोप भरले की त्याच्या दोन कांड्या काढाव्यात. एक शेजारी द्यावी, मग शेजारी कुठल्याही धर्माचा असो. दुसरी मुलांच्या शाळेत द्यावी. कुंडीवर नाव लिहावे, कोणाकडून आणि कधी मिळाली तेही लिहावे. उद्या एखाद्या अभ्यासकाला ती नोंद उपयोगी पडेल, आणि मुलांना कळेल की हे झाड कोणीतरी विश्वासाने त्यांच्या हाती दिले आहे. येत्या पावसाळ्यात शिवनेरीला गेलात, तर पावसाने भिजलेल्या कड्याकडे खालूनच नीट पाहा. फटीत लोंबणारी हिरवी फांदी दिसली, तर मुलांना ती दाखवा आणि तिथेच राहू द्या.